अमेरिकेत आधी कारखाने की आधी माणसे?

आडवाटे

शाळेपासून एक वाक्य डोक्यात बसलेले असते: युरोपातून स्वस्त मजूर आले, म्हणून अमेरिकेत कारखाने उभे राहिले. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत दोन कोटींहून जास्त माणसे तिथे उतरली आणि त्याच काळात अमेरिकेने पोलादात ब्रिटनला मागे टाकले, हे दोन्ही खरे. पण त्यातला तो 'म्हणून' कुठून आला?

मला क्रम उलटा दिसतो. आधी यंत्राने कसबी कारागिराची गरज घालवली, मग बिनकसबी माणूस चालू लागला, आणि मग तो आला. शेतावरून उठून आलेल्या स्लोव्हाक माणसाला आठवड्याभरात जमेल असे काम आधी तयार तर व्हायला हवे ना?

पटते का? उद्योगवार तपशील आले तर उत्तम. आजच्या व्हिसाचे राजकारण कृपया इथे नको, त्यासाठीचे धागे आधीच उतू चाललेत.

खवचट खारीक

खुर्ची टाकून बसलोय. व्हिसा कितव्या प्रतिसादात येतो बघू.

भट्टीवाला

पोलादापुरते तरी तुमचे म्हणणे बरोबर आहे.

हवा फुंकून पोलाद करायची बेसेमर पद्धत येण्याआधी रूळ आणि सळ्यांचे लोखंड पडलिंगने बनायचे. एका भट्टीत साधारण ६०० पौंड कच्च्या लोखंडाचा रस. त्यात कार्बन ४ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे ते ११५०-१२०० अंशांना वितळते. पडलर लांब सळईने तो रस ढवळत राहायचा. कार्बन जळत गेला की वितळणबिंदू वर चढतो, भट्टीची आच मात्र तेवढीच, म्हणून रस घट्ट होऊ लागतो. ढवळणे थांबवून गोळे कधी बांधायचे हे रंगावरून आणि सळईला लागणाऱ्या ओढीवरून ओळखायचे. घाई केली तर कार्बन राहून जातो, उशीर केला तर लोखंडच जळून मळीत जाते. मग सुमारे २०० पौंडांचा एकेक गोळा चिमट्याने बाहेर काढून दाबाखाली. हे करणारे बरेचसे वेल्श आणि इंग्लिश. ते टनावर मजुरी घेत, मदतनीस स्वतः ठेवत. भट्टीत नेमके काय चाललेय हे मालकाला विचारावेच लागे.

बेसेमरच्या कन्व्हर्टरमध्ये बुडातून हवा फुंकतात. आधी सिलिकॉन जळतो, मग कार्बन. तोंडावरची ज्वाळा सुरुवातीला आखूड आणि तांबूस, मग लांब पांढरीशुभ्र, आणि कार्बन संपला की एकदम पडते. हा सगळा खेळ १०-२० मिनिटांचा. मग मँगनीजयुक्त लोखंड टाकून हवा तेवढा कार्बन परत द्यायचा. ज्वाळेवर नजर ठेवणारा एक माणूस जाणकार लागतो. बाकीच्यांचे काम ढकला, ओढा, फावडे मारा. १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉकला उद्योगपती कार्नेगीचा एडगर थॉमसन कारखाना सुरू झाला. त्याचा आराखडा अलेक्झांडर हॉलीचा, आणि त्यात सगळा भर माल कुठेही अडून राहणार नाही यावर.

एक अडचण होती. या पद्धतीत भट्टीचे आतले अस्तर आम्लधर्मी असेल तर फॉस्फरस निघत नाही, आणि तो ०.१ टक्क्याच्या वर गेला की रूळ थंडीत तडकतात. म्हणून लेक सुपीरियरकडचे कमी फॉस्फरसचे खनिज लागायचे, आणि ते खणायला फिनलंड आणि स्लोव्हेनियाकडची माणसे. म्हणजे खाणीपासून भट्टीपर्यंत सगळीकडे तेच.

कांडीकाम

पोलादाचा नियम कापडाला सरसकट लावू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्या १८२०च्या दशकात सुरू झाल्या तेव्हा मागावर न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या. पॉटकेट धबधब्याची ३२ फुटांची उतरण होती, ते पाणी कालव्यांनी गिरण्यांत नेले. कालवे खणले आयरिश लोकांनी, पण बराच काळ त्यांना गिरणीच्या आत जागा नव्हती. मुली कंपनीच्या खानावळीत राहायच्या, घंटेवर उठायच्या. १८३४ आणि १८३६ मध्ये त्यांनी संप केले, पहिला मजुरीकपातीवरून आणि दुसरा खानावळीचे पैसे वाढवले म्हणून. १८४५ नंतर दुष्काळातून आलेले आयरिश मिळू लागले तसे मालकांनी मागांची संख्या आणि वेग वाढवला, आणि मुली हळूहळू बाहेर पडल्या.

म्हणजे इथे यंत्र तेच राहिले आणि माणूस बदलला. आधीचा माणूस बोलायला लागला होता, हे त्याचे कारण.

आणि मुळात पहिली गिरणीच एका स्थलांतरिताची. सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये इंग्लंडातून निघाला तेव्हा कापडयंत्रे आणि ती जाणणारे कारागीर या दोघांनाही देश सोडायला बंदी होती. कागद, नकाशा काही न घेता आर्कराइट या शोधकाची सूतकताईची यंत्रे डोक्यात घेऊन आला आणि १७९० मध्ये पॉटकेटला (हे ऱ्होड आयलंडमधले, वरचा धबधबा मॅसॅच्युसेट्समधला) चाते फिरवले. इथे 'आधी माणूस' हेच उत्तर.

आडवाटे

स्लेटर मान्य, पण तो कसबी होता. मी बिनकसबी लोंढ्याबद्दल म्हणतोय. कापडात असा काही टप्पा आहे का, जिथे यंत्राने कारागिराला हटवले?

कांडीकाम

आहे की. म्यूल आणि रिंग, ही सूत कातायची दोन यंत्रे. म्यूलवर गाडा पुढे येताना धागा ओढला आणि पिळला जातो, परत जाताना कांडीवर गुंडाळला जातो. तुटलेले धागे गाडा चालू असताना सांधायचे, गुंडाळी नीट बसवायची. हे पुरुषांचे, अनुभवाचे काम. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला लँकेशायरहून आलेले म्यूलवाले होते आणि येताना संघटनेची सवयही घेऊन आले होते. रिंगमध्ये ओढणे, पिळणे, गुंडाळणे सलग चालते. तुटलेला धागा जोडणे आणि भरलेली बॉबिन काढणे एवढेच हाताला उरते, ते बायका-पोरे करू शकतात. संप झाला की मालक रिंग फ्रेम मागवत, असे तिथे उघड बोलले जाई.

नंतर १८९० च्या दशकाच्या मध्याला ड्रेपर कंपनीने नॉर्थ्रॉप माग बाजारात आणला. धोट्यातली कांडी संपली की चालू मागातच नवी बसते, आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. आठ माग सांभाळणाऱ्याला आता सोळा, पुढे त्याहूनही जास्त. गंमत अशी की तो माग शोधणारा जेम्स नॉर्थ्रॉप स्वतः यॉर्कशायरमधून आलेला.

खवचट खारीक

आणि कार्नेगी स्वतः स्कॉटलंडचा, १८४८ मध्ये आलेला, आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर बॉबिन वाहणारा पोऱ्या. थोडक्यात, आधी आलेल्याने नंतर आलेल्याला कामाला लावले. धागा बंद करायचा का?

रूळकरी

इतक्यात नको. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात कुठले यंत्र होते? सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १८६५ पासून चिनी मजूर घेतले आणि शिखरावरचा १,६५९ फुटांचा बोगदा ग्रॅनाइटमधून हाताने कोरून घेतला. एकाने पहार धरून फिरवायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे. दोन टोकांनी खणून वेळ निभेना म्हणून मध्ये वरून विहीर पाडली आणि तिच्या तळापासून दोन्हीकडे सुरुवात केली. असे चार तोंडांवर काम. सुरुंगाच्या काळ्या दारूने दिवसाला एका तोंडावर जेमतेम फूटभर. १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन जागेवरच बनवायला घेतले, कारण त्याची वाहतूक म्हणजे मरण. त्याला भोके लहान पुरतात, धूर कमी होतो. वेग निम्म्याने वाढला.

त्याच वर्षी जूनमध्ये चिन्यांनी संप केला. महिन्याला ३५ऐवजी ४० डॉलर आणि बोगद्यात आठ तास, ही मागणी. गोऱ्यांना तेवढ्या पगारावर जेवणही मिळे, चिनी स्वतःचे खाणे विकत घेत. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने सरळ शिधा तोडला आणि आठवड्यात संप मोडला. १० मे १८६९ला रूळ जोडले गेले आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशातच बंदी. माणूस आधी, यंत्र नंतर, आणि शेवटी माणसाला दार.

भट्टीवाला

रूळकरी, ते बांधकाम आहे, कारखाना नव्हे. बोगदा एकदा खणून संपतो. भट्टीला रोज माणूस लागतो.

रूळकरी

रेल्वे नसती तर तुमचे रूळ कोणी घेतले असते?

भट्टीवाला

😄 हे मात्र खरे. एडगर थॉमसनचा सुरुवातीचा मालच रूळ.

उंबरठा

'आणवला' की 'आला' यावर कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो. १८६४ मध्ये अमेरिकेने करार करून मजूर आणायला कायद्यानेच मुभा दिली होती, ती १८६८ मध्ये काढली. १८८५ मध्ये उलट कायदा झाला: आधी करार करून मजूर आणायचाच नाही. त्यातून एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातले तपासणी केंद्र) मोठी मजेशीर कोंडी व्हायची. अधिकारी विचारायचा, काम ठरले आहे का? 'हो, मामाने गिरणीत लावून ठेवलेय' म्हटले की करारी मजूर, परत जा. 'नाही, माझ्याकडे काहीच नाही' म्हटले की सरकारवर भार होणार, परत जा. बरोबर उत्तर असे: काम ठरलेले नाही, पण हात धड आहेत, थोडे पैसे आहेत आणि अमुक पत्त्यावर नातेवाईक आहे. हे उत्तर गावाकडून येणाऱ्या पत्रांतून सगळ्यांना पाठ झालेले असे. मालकांनाही जाहिरातीची गरज उरली नाही, पत्रे ते काम फुकटात करत होती.

तपासणीत जिना चढताना डॉक्टर दम लागतो का ते बघत. शंका आली की कोटावर खडूने अक्षर, हृदयासाठी एक, लंगडण्यासाठी एक, डोळ्यांसाठी एक. बुटाची बटणे लावायच्या आकड्याने पापणी उलटी करून खुपऱ्या बघत. एकूण नकार २ टक्क्यांच्या आसपासच. कारण खरी चाळणी हॅम्बुर्ग, ब्रेमेन, नेपल्सलाच लागायची. नाकारलेला माणूस परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीचा, आणि दिसण्याजोगा रोग असलेला आणला तर १९०३ पासून माणशी १०० डॉलर दंड. स्वस्त तिकिटाच्या नफ्यावर हे परवडणारे नव्हते. पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी मात्र बोटीवरच, आरामात.

खवचट खारीक

आणि तिथेच कारकुनाला नाव लिहिता आले नाही की कोवाल्स्कीचा स्मिथ.

उंबरठा

ही दंतकथा आहे. कारकून नावे लिहीतच नसत. बोट सुटताना कंपनीने केलेल्या यादीवर ते फक्त पडताळणी करत, आणि दुभाषे जागेवर असत. नावे बदलली ती बहुतेक नंतर, मुकादमाच्या वहीत किंवा लोकांनी स्वतःहून.

निळी शाई

स्थलांतरित आले म्हणून संघटना मोडल्या, हेही असेच एक पाठ वाक्य. कार्नेगीच्या होमस्टेड पोलाद कारखान्यातले १८९२ बघा. अमॅल्गमेटेड संघटनेत कसबी लोक साधारण ८००, कारखान्यात ३,८००. कार्नेगीचा व्यवस्थापक हेन्री फ्रिक याने टाळेबंदी केली तेव्हा संघटनेत नसलेले स्लाव्ह मजूरही बाहेर पडले. ६ जुलैला पिंकर्टन या खासगी पहारा कंपनीचे ३०० लोक तराफ्यांतून नदीकाठी आले, तेव्हा काठावर सगळेच होते. संघटना मोडली ती राज्याच्या फौजेने आणि खटल्यांनी.

पेनसिल्व्हेनियातले लॅटिमर, सप्टेंबर १८९७: कोळसा खाणीतले स्लाव्ह मजूर बिनहत्यारी मोर्चाने जात असताना शेरीफच्या माणसांनी गोळीबार केला, १९ मेले. शेरीफ निर्दोष सुटला. त्यानंतर खाणकामगारांच्या संघटनेत भरती वाढली, कमी झाली नाही.

आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापडगिरण्या, १९१२. आठवड्याचे तास ५६ वरून ५४ करण्याचा कायदा १ जानेवारीला लागू झाला. मालकांनी दोन तासांची मजुरी कापली, माग मात्र तेवढ्याच मालासाठी जोरात फिरवले. ११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांनी पाकिटे उघडली तर ३२ सेंट कमी. तिथूनच माग थांबले. वीस हजारांवर लोक, वीसेक भाषा. समितीत प्रत्येक भाषेचे प्रतिनिधी घेतले, प्रत्येक ठराव भाषांतर होऊन मगच मताला जाई. 'हे एकत्र येऊच शकत नाहीत' या भरवशावर मिश्र भरती करणारे मालक मार्चमध्ये वाटाघाटीला बसले. वाढ ५ टक्क्यांपासून पुढे, आणि सर्वांत कमी मजुरीवाल्यांना सर्वांत जास्त.

सातवी गल्ली

अपघातांचाही हिशेब इथे असावा. जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी काउंटीत कामावर ५२६ माणसे मेली, ही क्रिस्टल ईस्टमन यांनी केलेली मोजणी. मालकाला भरपाईपासून वाचवणारी तीन कायदेशीर ढाली होत्या: चूक सहकाऱ्याची, धोका माहीत असून काम घेतले, किंवा निष्काळजीपणा मृताचाच. विधवा दूर पोलंडकडच्या गॅलिशियात असेल तर दावा करणार कोण?

त्यात बारा तासांची पाळी. झोतभट्टी थांबवता येत नाही, थंड झाली तर लोखंड आतच गोठून बसते. म्हणून दोन पाळ्या. आणि दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना दर पंधरवड्याला एका रविवारी सलग २४ तास. तीन पाळ्या तांत्रिकदृष्ट्या केव्हाही शक्य होत्या, प्रश्न फक्त मजुरीच्या बिलाचा. यूएस स्टीलने बारा तास सोडले १९२३ मध्ये.

परतबोट

बारा तास लोकांनी का सोसले, याचे एक कारण या धाग्यात अजून आले नाही. बरेच जण राहायला आलेच नव्हते. दक्षिण इटलीतून आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास परतले. हिशेब असा: तीन-चार वर्षे पडेल ते काम, एका खोलीत आळीपाळीने झोपणे (दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गादीत), आणि साठलेल्या पैशांत गावी जमीन. अशा माणसाला जास्त तासच हवे असतात. १९०७च्या आर्थिक पडझडीनंतर कामे बसली आणि बोटी उलट दिशेने भरून गेल्या. कारखानदाराला याहून सोयीचे काय? मंदीत मजूर स्वखर्चाने निघून जातो, तेजीत स्वखर्चाने परत येतो.

मिरजमळा

एवढे सगळे युरोपीय. आपली माणसे कुठे?

रूळकरी

पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूडगिरण्यांत, मुख्यतः पंजाबी. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या जमावाने त्यांना राहत्या जागांतून ओढून गावाबाहेर काढले, कुणालाही शिक्षा झाली नाही. याच ओरेगन-वॉशिंग्टनच्या गिरणीकामगारांतून पुढे १९१३ मध्ये गदर ही ब्रिटिशविरोधी चळवळ उभी राहिली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या भागात शेतकी शिकताना या कामगारांत वावरत होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीपायी १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. १९१७च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागालाच दार बंद केले.

देशस्थ इन डॅलस

म्हणजे तेव्हाही आजच्यासारखेच. माझ्या ग्रीन कार्डाच्या रांगेत

खवचट खारीक

एकोणिसावा प्रतिसाद! मी दहावा धरला होता. शिस्तीचा धागा आहे, मानले.

आडवाटे

डॅलसकर, तुमची रांग दुसऱ्या धाग्यात लावा. 🙂

मूळ मुद्द्याची एक परीक्षा घेता येईल. १९२१ मध्ये देशवार कोटा आला, १९२४ मध्ये तो १८९०च्या जनगणनेतल्या त्या-त्या देशाच्या माणसांच्या २ टक्क्यांवर आणला. १८९० मुद्दाम, कारण तेव्हा इटालियन आणि स्लाव्ह थोडे होते. स्वस्त मजूर हेच इंजिन असते तर १९२४ नंतर कारखाने धापा टाकायला हवे होते. उलट १९२०च्या दशकात उत्पादन वाढले.

भट्टीवाला

जपून. माणसांचा ओघ थांबला नाही, फक्त दिशा बदलली. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतले कृष्णवर्णीय उत्तरेला येत होते, आणि १९२३ मध्ये बेथलेहेम स्टीलने टेक्सासमधून मेक्सिकन मजूर गाडीने पेनसिल्व्हेनियात आणले. पण तुमच्या बाजूचा पुरावाही आहे. फोर्डच्या हायलंड पार्कमध्ये १९१३ मध्ये सरकता पट्टा आला आणि चॅसिस जुळवायचा वेळ साडेबारा तासांवरून पुढच्या वर्षी दीड तासावर. काम इतके बारीक तुकड्यांत की नवखा लगेच शिकतो, आणि इतके कंटाळवाणे की लगेच सोडतो. त्या वर्षी कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के. जानेवारी १९१४ मध्ये ५ डॉलर रोज आला तो त्यावर उपाय म्हणून. पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग 'नफ्याचा वाटा', आणि तो कंपनीच्या माणसांनी घरी येऊन राहणीमान तपासल्यावरच. इंग्रजीचे वर्गही कंपनीचे.

कांडीकाम

याहून चांगली परीक्षा कापडात आहे. कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या गिरण्यांत परदेशी मजूर जवळजवळ नव्हतेच. डोंगरातली गरीब गोरी कुटुंबे, पोराबाळांसकट, कंपनीच्या वस्तीत. त्यांना गिरणीचा काडीचा अनुभव नव्हता, म्यूल चालवणारा तिथे मिळालाच नसता. त्यांनी सुरुवातच रिंगवर केली आणि नॉर्थ्रॉप माग न्यू इंग्लंडच्या आधी उचलले. १९२०च्या दशकाच्या मध्याला चालू चात्यांच्या संख्येत दक्षिणेने न्यू इंग्लंडला गाठले. इंग्लंडची, कॅनडाची, इटलीची माणसे हाताशी असलेल्या गिरण्या बंद पडल्या आणि एकही बोट न बघितलेल्या चालल्या.

आडवाटे

हेच शोधत होतो! म्हणजे बिनकसबी माणूस हवा, तो बोटीनेच आला पाहिजे असे नाही.

निळी शाई

आणि अगदी शेजारी राहणारा असला तरी चालत नव्हता, हेही लिहा. दक्षिण कॅरोलायनाने १९१५ मध्ये कायदाच केला की कापडगिरणीत गोरे आणि काळे एका खोलीत काम करणार नाहीत. बिनकसबी मजूर दारात उभा होता, त्याला अंगण झाडायला ठेवले.

भट्टीवाला

त्याच दक्षिणेत अलाबामाच्या बर्मिंगहॅमला भट्ट्यांवर मात्र बहुतेक काळेच, आणि कोळसा खाणीत राज्याने भाड्याने दिलेले कैदी, थेट १९२८ पर्यंत. तिथल्या लोखंडात फॉस्फरस जास्त, म्हणजे आम्लधर्मी बेसेमर बाद. त्यामुळे बर्मिंगहॅम कच्चे लोखंड विकत राहिले आणि पोलादाला ओपन हार्थ या दुसऱ्या पद्धतीची वाट बघावी लागली. मजूर सर्वांत स्वस्त असूनही पिट्सबर्गला गाठता आले नाही.

रूळकरी

ओपन हार्थवर स्वतंत्र धागा काढा. अस्तर, चुनखडी, भंगाराचे प्रमाण, सगळे सविस्तर येऊ द्या.

भट्टीवाला

रविवारी काढतो. बारा तासांची पाळी नसेल तर.